सिग्नलवरचा धूर : खिशाला झेपेल असं काय करता येईल? (नागपूर)

मानेवाड्याची_स्कूटी
१ डिसेंबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. मी शिक्षिका आहे. रोज सकाळी मानेवाड्याहून सदरला शाळेत जाते आणि दुपारी परत येते. थंडी पडली की छाती भरते, यंदाचं तिसरं वर्ष. दम्याचा पंप पर्समध्येच असतो. डॉक्टर म्हणाले, "सिग्नलवर फार वेळ थांबत जाऊ नका." आता मेडिकल चौकात लाल दिवा लागला की मी काय उडत जाऊ?

परवा समोरच्या ऑटोचा धूर थेट तोंडावर आला. मनात चार शब्द आले. मग आठवलं, आपल्याच घरी तीन गाड्या आहेत. माझी स्कूटी २०१४ ची. ह्यांची डिझेल कार २०१५ ची. आणि सासऱ्यांची शंभर सीसीची बाइक, २००३ ची. ती ते विकू देत नाहीत, रोज सकाळी पाच मिनिटं उभ्या उभ्या 'गरम' करतात आणि सगळं अंगण निळं होतं.

प्रश्न साधा आहे. नवी गाडी घ्यायला पैसे नाहीत. मग रुपयामागे सगळ्यात जास्त धूर कशाने कमी होईल? "इलेक्ट्रिक घ्या ना ताई" म्हणणाऱ्यांनी सोबत लाख-सव्वा लाखही पाठवावेत. आणि "सरकारने करायला पाहिजे" हे मलाही माहीत आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.


तर्रीपोहे
१ डिसेंबर, रात्री १०:०५

सरकारने करायला पाहिजे.

(सवय आहे हो, सुटत नाही.) बरं, एक फुकटचा उपाय. सिग्नलला बसच्या, ट्रकच्या ढुंगणामागे उभं राहायचं नाही. आठ-दहा फूट मागे थांबा किंवा बाजूने पुढे जा. धूर नळीच्या तोंडाशी सगळ्यात दाट असतो, थोड्याशा अंतरानेही बराच विरळ होतो. शहराचा धूर यानं कमी होणार नाही, तुमच्या छातीतला होईल.


नंदनवन_गॅरेज
१ डिसेंबर, रात्री ११:२०

ताई, अंगण निळं होते म्हणता, म्हणजे बाबांच्या गाडीत पेट्रोलसोबत ऑइल जळून राह्यलं. रिंगा घासल्या असतीन नाहीतर व्हॉल्व्ह सील गेले असतीन. ऑइलची लेव्हल पाहा, दर महिन्याला कमी होत असन तर पक्कं समजा.

बाकीच्यांसाठीपण सांगून ठेवतो, रोज पन्नास लोक विचारतात.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त अन् हवा कमी. एअर फिल्टर चोंदला, चोक अडकला, नाहीतर कुण्या पोट्ट्यानं कार्बोरेटरचा स्क्रू पिकअपसाठी फिरवून ठेवला. डिझेलमध्ये काळा म्हणजे नोझल, पंप, फिल्टर, कधी टर्बोचा पाइप फाटला असते. पांढरा धूर थंडीत सकाळी दोन मिनिटं निघते ती वाफ आहे, तिले घाबरू नका. पण कार गरम झाल्यावरही पांढरा निघत राह्यला अन् कुलंट कमी होऊन राह्यलं तर हेड गॅस्केट पाहून घ्या.

अन् ते पाच मिनिटं गरम करणं बंद करा म्हणा बाबांना. पाऊण मिनिट पुष्कळ झालं. मग निघायचं अन् पहिला किलोमीटर हळू चालवायची. इंजिन चालल्यानं लवकर गरम होते, उभं ठेवल्यानं नाही.

सगळ्यात स्वस्त काम म्हणजे एअर फिल्टर. कंपनीच्या पुस्तकात बारा हजार किलोमीटर लिहिलं असते. आपल्या इथं जिकडे पाहा तिकडे खोदकाम, सहा हजारातच मूठभर माती निघते. स्कूटीचा दोन-अडीचशेत येते. ऑइल लावलेला कागदी फिल्टर असन तर हवा मारून साफ करू नका, त्याचा उपयोग संपते. सरळ बदला.


जुना_अभियंता
२ डिसेंबर, सकाळी ६:४०

वरच्या भाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. थोडी भर घालतो. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे, लांबलं तर सोडून पुढे जा.

रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या सारखा धूर सोडत नाहीत. एकूण धुरातला मोठा हिस्सा थोड्या, नादुरुस्त गाड्यांचा असतो. १ एप्रिल २०२० पासून विकली जाणारी प्रत्येक नवी गाडी बीएस-६ (धुराच्या मर्यादेचा सगळ्यात कडक सरकारी टप्पा) आहे. त्यासोबत इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०) १० वर आलं, दुचाकींचे कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे शेजारच्या पोराने नवी स्कूटर घासून-पुसून आणखी चकाचक केली तरी हवेला फारसा फरक नाही. तुमच्या सासरेबुवांची बाइक दुरुस्त झाली तर अंगणापुरता तरी डोळ्यांनी दिसणारा फरक पडेल. म्हणून रुपयामागे फायदा पाहायचा असेल तर आधी घरातली, गल्लीतली सगळ्यात घाणेरडी गाडी शोधा.

दुसरं, लहान फेऱ्या. कारच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड इंजिनला पेट्रोलही जास्त लागतं. म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला काढलेली कार किलोमीटरमागे सगळ्यात जास्त घाण करते. हे काम पायांनी केलं तर खर्च शून्य. (लिहिणाऱ्याचं वजन ८४ किलो आहे, तेव्हा हा उपदेश आधी स्वतःला.)

तिसरं पीयूसी. त्यावर बोलायला बसलो तर नाश्ता राहील. दुपारी लिहितो.


इतवारीकर
२ डिसेंबर, सकाळी ९:१५

पीयूसीवर मीच लिहितो. मागच्या महिन्यात दुचाकीची काढली. पन्नास रुपये दिले, नंबर प्लेटचा फोटो काढला, कागद हातात. नळी सायलेन्सरात गेलीच नाही. गाडी सुरूसुद्धा नव्हती! वर कागदावर रीडिंग छापलेलं, तेही झकास.

सांगा आता, पन्नास रुपयांत प्रदूषण कमी झालं का नाही?


जुना_अभियंता
२ डिसेंबर, दुपारी २:३०

@इतवारीकर, तुमचा राग रास्त आहे, पण नळी घालायला लावणं हा तुमचा हक्क होता. पैसे तपासणीचे दिलेत, कागदाचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पीयूसी नसल्याचा दंड दहा हजारांपर्यंत गेला, त्यामुळे लोक कागदासाठी धावतात आणि तपासणी राहते बाजूला.

नीट केलेली पीयूसी मात्र कामाची असते. पेट्रोल गाडीत उभ्या इंजिनवर दोन गोष्टी मोजतात, कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन). २००० नंतरच्या, पण बीएस-६ च्या आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल कारला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. फरक बघा केवढा आहे. डिझेलमध्ये रिकाम्या गिअरवर रेस देऊन धुराचा दाटपणा मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पीएम २.५ (फुप्फुसात खोल जाणारे अतिबारीक कण) यांतलं काहीच यात येत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणजे पीयूसी पास झाली म्हणजे गाडी पवित्र झाली, असं नव्हे.

माझी युक्ती अशी की कागद जपून ठेवतो आणि दर वर्षीचे आकडे शेजारी शेजारी मांडतो. ०.८ चं २.६ झालं तर गाडी मर्यादेत असूनही काहीतरी बिघडलंय. डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब फक्त 'पास' की 'नापास' कोणी विचारतं का?


मानेवाड्याची_स्कूटी
३ डिसेंबर, रात्री ८:१०

आज गेले. म्हटलं, दादा नळी घाला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाणीपुरीवाल्याला हातमोजे घालायला सांगितले. घातली शेवटी. सीओ २.९.

पास आहे. पण @जुना_अभियंता काकांनी वर लिहिल्यामुळे आता रात्रभर झोप येणार नाही.


हिंगणा_शिफ्ट
३ डिसेंबर, रात्री ११:४५

शिव्या खाणार, तरी लिहितो. दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक स्कूटर चालवतो, एमआयडीसीत कामाला आहे. शंभर किलोमीटरला भिंतीवरच्या मीटरवर साडेतीन युनिट जातात. युनिटला दहा रुपये धरा, ३५ रुपये. आधीच्या गाडीला शंभर किलोमीटरला २.२ लिटर लागायचं, १०५ च्या भावाने २३१ रुपये. म्हणजे शंभर किलोमीटरमागे जवळपास दोनशे वाचतात.


कोराडीकर
४ डिसेंबर, सकाळी ७:३०

वाचतात ना भाऊ. पण ती साडेतीन युनिट येतात कुठून? कोराडीच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, बाजूला खापरखेडा. सगळं कोळशावर. तुमचा सायलेन्सर बंद झाला, चिमणी सुरूच आहे. नाक आम्हालाही आहे.


जुना_अभियंता
४ डिसेंबर, सकाळी ८:०५

@कोराडीकर, तुमचं म्हणणं खोडता येणार नाही. कार्बन डायऑक्साइडचा हिशोब मात्र करून पाहू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो. २.२ लिटरचे पाच किलो. कोळशाच्या विजेला युनिटमागे ०.९ किलो धरा, साडेतीन युनिटचे तीन किलोच्या वर थोडे. म्हणजे पूर्ण वीज कोळशाची धरली तरी इलेक्ट्रिक पुढेच. राखेचा आणि गंधकाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो चिमणीशीच सोडवावा लागेल.

@हिंगणा_शिफ्ट, तुमच्या आकड्यांतूनच ताईंचं उत्तर निघतं. ताई महिन्याला पाचेकशे किलोमीटर चालवत असतील. बचत हजाराच्या आसपास. पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा पस्तीस हजार जास्त मोजले तर ते फिटायला तीन वर्षं. घरपोच जेवण पोचवणारा पोरगा महिन्याला दीड हजार किलोमीटर मारतो, त्याचे पैसे वर्षात वसूल. तेव्हा शहरात बॅटरीवर आधी कोण गेलं पाहिजे? जो सर्वात जास्त फिरतो तो. घरी उभी राहणारी गाडी बदलण्यात पैसा अडकतो आणि हवेला फायदा थोडा.


तर्रीपोहे
४ डिसेंबर, सकाळी ८:५०

आमच्या शहराचे खासदार २०२२ मध्ये हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले होते. मी अजून फिल्टर बदलून राह्यलो.


तीन_चाकी
४ डिसेंबर, दुपारी १:२०

पहिल्या पोस्टमध्ये ऑटोवाल्याला मनात चार शब्द दिले ना ताई, म्हणून लिहितो. बाबा ऑटो चालवतात, बावीस वर्षं. मी बी.कॉम.ला आहे, सुट्टीत मीही चालवतो.

धूर आम्हाला आवडत नाही. तुम्ही सिग्नलवर दोन मिनिटं खाता, बाबा दिवसभर खातात. फिल्टर, प्लग, ऑइल मिळून हजारभर रुपये, ते बाबा देतात. अडचण पुढे आहे. गाडी सकाळी गॅरेजला लावली की संध्याकाळी मिळते. त्या दिवसाची कमाई गेली. हप्ता मात्र जातोच. म्हणून "पुढच्या आठवड्यात लावू" असं करता करता सहा महिने निघतात.

गॅसचंही सांगतो. लोक म्हणायचे सीएनजी लावा, स्वच्छ आहे. नागपुरात पाइपलाइन नव्हती, गॅस टँकरने यायचा. २०२२ च्या मार्चमध्ये किलोला १२० रुपये झाला, देशात सगळ्यात महाग. एप्रिलपासून राज्याने व्हॅट साडेतेरावरून तीन टक्के केला तेव्हा थोडा श्वास मिळाला. पण ज्यांनी आधी किट लावलं त्यांचे हाल पाहून बाकीचे बिचकले ते बिचकलेच.


नंदनवन_गॅरेज
४ डिसेंबर, रात्री १०:४०

पोट्ट्या, तू बरोबर बोलून राह्यला. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नाही. रात्री नऊनंतर माझं शटर अर्धं उघडंच असते. बाबांना म्हण, रात्री ऑटो लावून दे, सकाळी सहाला घेऊन जा. प्लग, फिल्टर, सेटिंग, ऑइल एवढंच काम रात्री होते. इंजिन उघडायचं असन तर नाही. मजुरी तेवढीच, रात्रीची म्हणून जास्त घेणार नाही. मित्रांनापण सांग, पण एका रात्री दोनच गाड्या. माणूस एकच आहे माझ्याकडे अन् त्याले झोपपण लागते.


मानेवाड्याची_स्कूटी
५ डिसेंबर, सकाळी ६:५५

@तीन_चाकी, चार शब्द परत घेते. खरंच.

@नंदनवन_गॅरेज, या धाग्यात एवढं झालं तरी मला पुरे.


जयप्रकाशनगर_२ब
५ डिसेंबर, सकाळी १०:१०

सिग्नलला इंजिन बंद करण्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? कारचं इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं, एसी लावला की वरची बाजू. माझ्या येण्या-जाण्यात सिग्नलवरचा वेळ घड्याळ लावून मोजला, बारा मिनिटं निघाली. म्हणजे रोज शंभर ते दोनशे मिलिलिटर, दहा-वीस रुपये, महिन्याला तीन-चारशेचं पेट्रोल. आणि ते सगळं मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडात.

आता आकडे दिसतात सिग्नलवर. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद केलेलं फायद्याचं. मी वीसच्या वर असेल तर बंद करतो, पाच उरले की सुरू.


धंतोली_एसी
५ डिसेंबर, दुपारी १२:००

मे महिन्यात करून दाखवा. बाहेर ४५, गाडीत दोन म्हातारी माणसं, आणि मी एसी बंद करू?


जयप्रकाशनगर_२ब
५ डिसेंबर, दुपारी १२:२०

मे महिन्यात मीही करत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी करतो. तसंही थंडीतच हवा खाली दबून बसते, रात्रीची थंड हवा जमिनीलगत अडकते आणि धूर वर जात नाही. ज्या महिन्यांत गरज जास्त, त्याच महिन्यांत एसी लागत नाही. देवाने एवढी सोय केली आहे. उन्हाळ्यात काही चौकांत हिरवी जाळी बांधतात, दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, तेव्हा थांबणंही कमी होतं.


नंदनवन_गॅरेज
५ डिसेंबर, दुपारी ३:००

एक सूचना. बॅटरी जुनी असन तर दर सिग्नलला सेल्फ मारू नका, चौकात बंद पडन अन् मागचे लोक तुमच्या सात पिढ्या काढतीन. आधी बॅटरी तपासा. बाइकला किक असन तर प्रश्नच नाही.


लोकमान्यनगर_मेट्रो
६ डिसेंबर, सकाळी ८:२५

ताई, मानेवाडा ते सदर आहे ना? अजनी चौक नाहीतर छत्रपती चौकापर्यंत स्कूटीने जा, तिथून मेट्रोची ऑरेंज लाइन, कस्तुरचंद पार्कला उतरा, पुढे सदरपर्यंत चालत. सिग्नलचा सगळ्यात घाण भाग पायाखालून जातो. मी अ‍ॅक्वा लाइनवरचा, शंकरनगरला उतरतो. मेट्रोत सायकल न्यायची परवानगी आहे हे अजून अर्ध्या शहराला माहीत नाही. मी नेतो, लोक बघत राहतात.


मानेवाड्याची_स्कूटी
६ डिसेंबर, रात्री ९:३०

करून पाहिलं आज. जाताना छान. छाती मोकळी, वह्या तपासून झाल्या. येताना बाजार करायचा होता, दोन पिशव्या, त्यात पालकाची जुडी, आणि स्टेशनवरून स्कूटीपर्यंत चालताना फ्लॉवर निसटून घरंगळला. रोज जमणार नाही. आठवड्यातून तीन दिवस जमेल, ज्या दिवशी बाजार नसतो.

एक प्रश्न. मोबाइलवर हवेचा आकडा सिव्हिल लाइन्सचा 'समाधानकारक' दाखवत होता, तेव्हा मी मेडिकल चौकात खोकत होते. असं का?


जुना_अभियंता
७ डिसेंबर, सकाळी ६:१५

कारण यंत्र चौकात नसतं. आपल्याकडे सतत मोजणारी केंद्रं जीपीओसमोर सिव्हिल लाइन्स, अंबाझरी, महाल आणि रामनगर इथली. ती परिसराची हवा सांगतात, सायलेन्सरच्या मागची नाही. आणि आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. तुम्ही सकाळी साडेसातला चौकात जे ओढता ते त्या सरासरीत बुडून जातं. शिवाय आपली चोवीस तासांची मर्यादा पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. तेव्हा 'समाधानकारक' म्हणजे कोणाचं समाधान, हा प्रश्न आहेच. दम्याच्या माणसाचं नक्की नाही.

आपलं शहर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. ज्या शहरांची हवा मर्यादेत बसत नव्हती त्यांची ती यादी. पर्यावरणावर संशोधन करणारी निरीसारखी राष्ट्रीय संस्था वर्धा रोडवर असलेलं शहर त्या यादीत यावं, यावर काय बोलणार.


महालातला
७ डिसेंबर, सकाळी १०:५०

धूर धूर करता, धुळीचं काय? सिमेंट रोडची कड आणि दुकानांच्या मधे जी मातीची पट्टी राहते, तीच दिवसभर उडते. चाकाखालून उडणारी धूळ, टायरची झीज, ब्रेकची पूड, यातलं काही इलेक्ट्रिक घेऊन जात नाही. आम्ही दुकानासमोर सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो, पट्टीवर जुन्या फरश्या टाकल्या. चार दुकानदारांनी मिळून एका रविवारात झालं. टायरची हवाही तपासा, पंपावर फुकट असते. कमी हवेने टायर झिजतो आणि पेट्रोलही जास्त जातं.


मानेवाड्याची_स्कूटी
१४ डिसेंबर, रात्री ९:००

दोन आठवड्यांचा हिशोब द्यायला आले.

स्कूटी : फिल्टर, प्लग, ऑइल, कार्बोरेटर साफ. ८७० रुपये. जुन्या फिल्टरमधून निघालेली माती मी कागदात बांधून घरी आणली, ह्यांना दाखवायला. सीओ परत मोजलं, २.९ चं १.२. अ‍ॅव्हरेज अजून नीट मोजलं नाही, पण काटा हळू पडतो आहे. (परत पन्नास रुपये दिले, परत नळी घालायला लावली. आता तो मला ओळखतो.)

कार : ह्यांनी सिग्नलला बंद करायला सुरुवात केली. तीन दिवस. मग एकदा हिरवा झाला आणि सुरू करायला दोन सेकंद लागले, मागून हॉर्न वाजले, आणि ते म्हणाले हे आपल्याला जमणार नाही. मी वाद घातला नाही. दूध आणायला मात्र आता चालत जातात, कारण काकांचं थंड इंजिनाचं त्यांना पटलं. माझं पटलं नसतं.

आणि एक गोष्ट मी इथे विचारलीच नव्हती. शाळेचं फाटक. रोज सुटण्याच्या वेळी तीस-चाळीस गाड्या आणि आठ व्हॅन इंजिन सुरू ठेवून पंधरा मिनिटं उभ्या. आणि पहिलीची मुलं कुठे उभी? बरोबर सायलेन्सरच्या उंचीवर. इतकी वर्षं रोज त्या फाटकातून ये-जा केली, दिसलंच नाही. मुख्याध्यापिकांना विचारून दोन गोष्टी केल्या. लहान मुलांना आत झाडाखाली बसवायचं आणि नाव पुकारलं की सोडायचं. आणि चौकीदाराच्या हातात पुठ्ठ्याची पाटी, 'इंजिन बंद करा'. खर्च, पुठ्ठा आणि मार्कर. व्हॅनवाल्यांनी पहिल्या दिवशीच ऐकलं, डिझेल त्यांच्याच खिशातलं. पालकांत मोठ्या गाड्यांवाले ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी चौथीच्या मुलांना पाटी दिली. आता ऐकतात. चौथीची पोरं खिडकीच्या काचेवर टकटक करतात आणि जातच नाहीत.


कोराडीकर
१४ डिसेंबर, रात्री ९:२५

ती पोरं आमच्याकडे पाठवा. चिमणीवर टकटक करायला.


तीन_चाकी
१४ डिसेंबर, रात्री ९:४०

बाबांचा ऑटो मंगळवारी रात्री लावला, सकाळी सहाला मिळाला. कमाई गेली नाही. बाबा म्हणतात आवाज बदलला, पिकअप आला. त्यांच्या स्टँडवरचे अकरा जण रांगेत आहेत, म्हणजे साधारण आठवडाभर गॅरेजवाल्या काकांना झोप नाही.


नंदनवन_गॅरेज
१४ डिसेंबर, रात्री ११:१०

मले 'काका' कोण म्हणते? छत्तीस वर्षांचा आहे मी.

ताई, बाबांच्या गाडीचं काही लिहिलं नाही तुम्ही.


मानेवाड्याची_स्कूटी
१४ डिसेंबर, रात्री ११:३०

लिहायला काही नव्हतं म्हणून. पाच मिनिटांचं दीड मिनिट झालं, तेवढंच. निळा धूर तसाच. मी म्हटलं, बाबा, त्या गाडीचं ऑइल जळतंय. ते म्हणाले, माझंही जळतं, मला कोणी बदलत नाही.

दोन दिवस बोलले नाहीत. आज जेवताना स्वतःच विचारलं, "त्या नंदनवनवाल्याचा खर्च किती?"


नंदनवन_गॅरेज
१४ डिसेंबर, रात्री ११:४२

उघडल्याशिवाय सांगता येत नाही. नुसते सील असतीन तर थोडक्यात होते. रिंगा असतीन अन् बोअरला घासा पडला असन तर बोअर करून नवा पिस्टन, चार-पाच हजार धरून चाला. तेवढ्यात नवी येत नाही, अन् गाडी अजून दहा वर्षं चालन. गुरुवारी आणा, गुरुवारी गर्दी कमी राहते.


मानेवाड्याची_स्कूटी
१४ डिसेंबर, रात्री ११:५०

आणते. पण बाबांची अट आहे. इंजिन उघडताना ते समोर बसणार.


नंदनवन_गॅरेज
१४ डिसेंबर, रात्री ११:५४

बसा म्हणा. खुर्ची आहे, चहापण आहे. फक्त पाना चालू असताना मधेमधे बोलू नका म्हणा.